चप्पल, चोरी आणि केस: मुलांची नैतिक समज कशी घडते आणि घरी काय करता येते

चप्पल रांगेत लावली नाही, धाकट्याला ढकलले आणि केस मानेपर्यंत वाढवले, या तीन अपराधांसाठी आपल्या घरांत मुलाला साधारण एकाच पट्टीत ओरडा बसतो. ‘संस्कार’ हा शब्दच इतका ऐसपैस आहे की संध्याकाळी देवापुढे हात जोडणे, खोटे न बोलणे, पाहुण्यांसमोर पाय पसरून न बसणे आणि दुसऱ्याच्या डब्यातले न विचारता न खाणे या सगळ्यांची त्यात सारखीच सोय होते. मुले मात्र या गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवतात आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर ठेवू लागतात. मोठ्यांनी हे खण ओळखले नाहीत, तर चौदाव्या वर्षी मूल ‘तुम्हाला सगळंच चुकीचं वाटतं’ असे म्हणून चोरी आणि केस दोन्ही एकाच वाक्यात उडवून लावते. म्हणून सुरुवात खणांपासून करायची.

पहिली पायरी: आठवडाभराची यादी

एक आठवडा मुलाला ज्या ज्या गोष्टींसाठी टोकले त्या कागदावर लिहा. मग प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारा: घरातल्या सगळ्यांनी उद्यापासून हे चालेल असे ठरवले, तर ते खरोखर चालेल का? जेवताना डावा हात ताटाला लावणे चालेल, कारण तो संकेत आहे आणि संकेत ठरवून बदलता येतो. बहिणीला चिमटा काढणे सगळ्यांनी ठरवले तरी चालणार नाही, कारण दुखणे ठरावाने थांबत नाही. तिसऱ्या रकान्यात केस, शर्टाचा रंग, मैत्रीण कोण असावी, मोकळ्या वेळात चित्र काढावे की गाणे ऐकावे, अशा ज्याच्या त्याच्या गोष्टी येतील.

ही विभागणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून पुढे आली. त्यांची पद्धत साधी होती. शाळेतला एखादा नियम मोडल्याची गोष्ट मुलांना सांगायची आणि विचारायचे, ‘बाईंनी परवानगी दिली तर?’ नियमच नसेल तर खाऊ उभ्याने खाल्लेला चालेल, असे तीन-चार वर्षांची मुलेही म्हणतात. पण बाईंनी हो म्हटले तरी दुसऱ्याला मारणे वाईटच, असे तीच मुले सांगतात. अधिकाराच्या पलीकडे काहीतरी असते, ही जाणीव बालवाडीतच असते. आपण ती देत नाही, फार तर तिच्यात गोंधळ घालतो.

यादी करताना काही नोंदी दोन रकान्यांत बसतील, आणि त्यांवरच जास्त वेळ द्यावा. बेस्टच्या थांब्यावर रांग लावणे हा संकेत आहे, पण रांग मोडून पुढे घुसले की मागे अर्धा तास उभ्या असलेल्या बाईंवर अन्याय होतो. गॅलरीतून कचरा टाकणे ही ‘वाईट सवय’ म्हणून सांगितले जाते, जरी खाली तो उचलणारा माणूस असतो. मुलाला नियम सांगताना या दोन धाग्यांपैकी कोणता महत्त्वाचा आहे ते बोलून दाखवावे.

सर्वांत अवघड नोंदी सोवळे, सुतक आणि पाळी यांच्याशी जोडलेल्या असतात. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांना व मोठ्यांना निरनिराळ्या वर्तनांबद्दल विचारले होते. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, ही गोष्ट भुवनेश्वरमधल्या लोकांना अत्यंत गंभीर पाप वाटली आणि शिकागोतल्या लोकांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. श्वेडर यांनी यावरून संकेत आणि नीती यांतली रेघ सगळीकडे सारखी नसते असा निष्कर्ष काढला. ट्युरिएल गटाचे उत्तर असे होते की, त्या कृतीने वडिलांच्या आत्म्याला त्रास होतो अशी ज्याची समजूत आहे, त्याच्या दृष्टीने ती इजाच ठरते. म्हणजे मूल्य दोन्हीकडे एकच आहे, फरक वस्तुस्थितीबद्दलच्या समजुतीत आहे. घरात याचा उपयोग फार होतो. तेरा वर्षांची मुलगी ‘पाळीत देवघरात का जायचं नाही?’ असे विचारते, तेव्हा ‘आपल्यात चालत नाही’ हे उत्तर तिला संकेत म्हणून ऐकू येते, तर आजी ते पाप म्हणून सांगत असते. अशा वेळी ‘गेल्याने नेमके काय होते, असे आपण मानतो?’ हा प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारावा. आजीची समजूत तिला आदराने मांडू द्यावी आणि मुलीला ती न पटण्याची मोकळीक द्यावी. माझे स्वतःचे मत विचाराल तर ज्या नियमाने कोणाला इजा होत नाही, उलट मुलीलाच कमीपणा येतो, तो नियम यादीतून काढलेला बरा.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये या विषयावरचे आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने दार उघडताना, दारामागे काय आहे हे माहीत नसल्यामुळे, पंधरा कप फोडले. दुसऱ्याने आई नसताना कपाटातला मुरंबा चोरून काढताना एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलांचा कल पंधरा कपांकडे होता, तर नऊ-दहाच्या सुमारास मुले हेतूकडे बघू लागली. पुढच्या संशोधकांनी हेतू ठळक करून सांगितला, तेव्हा त्याहून लहान मुलांनीही तो लक्षात घेतला. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला ‘त्याने मुद्दाम नाही केलं’ एवढे सांगून भागत नाही. ‘तो चेंडूकडे बघत पळत होता, तू मागे उभा आहेस हे त्याला दिसलंच नाही’, असा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करावा लागतो. आणि आपणही मोडलेल्या वस्तूच्या किमतीप्रमाणे ओरडत असू, तर आपण पंधरा कपच मोजत आहोत, हे ध्यानात ठेवावे. फुटलेल्या मोबाईलसमोर हे भान राहणे कठीण आहे, हे मान्य.

पियाजेंच्या वाटेने पुढे जाऊन लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधात नैतिक विचाराच्या पायऱ्या मांडल्या: आधी शिक्षा आणि फायदा, मग लोकांना चांगले वाटणे आणि व्यवस्था टिकवणे, आणि काहींच्या बाबतीत पुढे तत्त्वे. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. कोलबर्ग यांचा मूळ अभ्यास मुलग्यांवर झाला होता आणि न्यायाची भाषा तेवढी वरची धरली गेली, काळजी घेण्याची भाषा खाली राहिली, असे त्यांचे म्हणणे होते. पालकांना या वादात शिरण्याची गरज नाही. दहा वर्षांचे मूल ‘सर ओरडतील म्हणून कॉपी करत नाही’ असे म्हणाले तर घाबरू नये, पण सोळाव्या वर्षीही तेवढेच कारण सांगत असेल तर बोलणे सुरू करावे, इतके पुरे. कायदाही वय पाहतो: भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाची कृती गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात परिणाम कळण्याइतकी समज आली होती का, हे पाहावे लागते.

तिसरी पायरी: खेळात पंच होऊ नका

पियाजेंनी मुलांना नियमांबद्दल विचारले ते गोट्या खेळताना. मोठ्यांपुढे मूल नियम पाळते आणि बरोबरीच्या मुलांत ते नियम बनवायला शिकते, हे त्यांचे निरीक्षण मुंबईच्या कोणत्याही वाडीत खरे ठरते. आपल्या मुलांनी शोधलेला ‘कच्चा लिंबू’ घ्या. चार वर्षांच्या पोराला खेळायचे तर आहे, पण त्याच्यावर राज्य आले तर खेळ बिघडतो, म्हणून तो खेळेल पण बाद होणार नाही, असे ठरते. समान नियम आणि दुबळ्याला सवलत यांचा हा मेळ मोठ्यांनी सांगून घातलेला नाही. तीच मुले धडधाकट गड्याने सवलत मागितली की ‘रडीचा डाव’ म्हणून त्याला गप्प करतात. सवलत कोणाला आणि का, याचा न्यायविचार त्यात पुरेपूर आहे. इमारतीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना पहिल्या मजल्याच्या काचेवर चेंडू लागला तर बाद, हा नियमही असाच तडजोडीतून आलेला असतो, आणि तो मोडला तर शेजारच्या काकूंचे काय होते हे मुलांना चांगले माहीत असते.

आता जागा आक्रसल्या, खेळ शिबिरात गेला आणि तिथे शिट्टी प्रशिक्षकाच्या हातात असते. म्हणून आठवड्यातून निदान दोनदा, मोठ्यांनी न चालवलेला खेळ मुलांना मिळेल अशी सोय करावी. भांडण झाले तर गॅलरीत उभे राहून ऐकावे, खाली उतरू नये. हात उगारला गेला किंवा एकाच मुलाला रोज बाहेर ठेवले जात असेल तर मात्र उतरावे, आणि तेव्हाही निकाल न देता ‘तुमचं काय ठरलं होतं?’ एवढेच विचारावे.

चौथी पायरी: चूक झाल्यावरची दहा मिनिटे

मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्तीचे तीन प्रकार सांगितले: जोर वापरणे, माया आखडती घेणे आणि मुलाच्या कृतीचा दुसऱ्यावर झालेला परिणाम त्याला दाखवणे. पहिल्यात फटका आणि धमकी येते. दुसऱ्यात आपल्याकडची ‘जा, मी तुझ्याशी बोलणारच नाही’ ही आईची कट्टी येते, जी फटक्यापेक्षा सौम्य वाटते आणि मुलाला जास्त घाबरवते. दुसऱ्याचे दुःख ओळखणे आणि स्वतःची जबाबदारी वाटणे यांच्याशी तिसऱ्या प्रकाराचा संबंध संशोधनात चांगला दिसला आहे. शाळेत तर शारीरिक शिक्षा व मानसिक छळ शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बंदच आहे; घरासाठी मात्र आपणच ठरवायचे असते.

तिसरा प्रकार प्रत्यक्षात असा करता येतो. समजा, मुलाने वर्गमित्राच्या तोतरेपणाची सगळ्यांसमोर नक्कल केली. आधी त्याचा आणि आपला राग ओसरू द्यावा, कारण रडणाऱ्या मुलाला फक्त आवाजाची पट्टी ऐकू येते. मग जवळ बसून थोडक्यात सांगावे: ‘तू नक्कल केलीस तेव्हा सगळे हसले. त्याला उद्या वर्गात हात वर करायचा असेल, तर तो करेल का?’ त्यानंतर थांबावे. उत्तर लगेच आले नाही तरी आपण भरून काढू नये. शेवटी भरपाईचा प्रश्न विचारावा: ‘आता तुला काय करता येईल?’ मुलाने सुचवलेला उपाय वेडगळ असला तरी, इजा वाढवणारा नसेल, तर तोच करू द्यावा. ‘आधी सॉरी म्हण’ हा आपला आवडता हुकूम या सगळ्यात सर्वांत कमी उपयोगाचा आहे. त्याने प्रसंग मिटतो आणि मुलाला कळते की एक शब्द टाकला की सुटका होते.

बक्षिसांबाबतही हात आखडता ठेवावा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००८ च्या प्रयोगात, मदत केल्याबद्दल खेळणे मिळालेली वीस महिन्यांची बाळे पुढे मदत करायला, काहीच न मिळालेल्या बाळांपेक्षा कमी उत्सुक दिसली. आजोबांना पाणी दिल्याबद्दल चॉकलेट देऊ नये. ‘आजोबांचा घसा कोरडा पडला होता’ हे सांगावे.

पाचवी पायरी: खोटे आणि आपले स्वतःचे तिकीट

तीन-चार वर्षांचे मूल पहिल्यांदा खोटे बोलते तेव्हा त्याला दुसऱ्याच्या मनात वेगळे चित्र उभे करता येऊ लागलेले असते. ते बिघडले असा त्याचा अर्थ नाही. आपण त्याला ‘लांडगा आला रे आला’ सांगतो. कांग ली, विक्टोरिया तलवार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर अशा गोष्टींनी मूल खरे बोलू लागते का, हा प्रश्न तपासला. चोरून न बघण्याच्या खेळात मुले एकटी ठेवली, मग त्यांना गोष्ट सांगितली आणि नंतर ‘बघितलंस का?’ असे विचारले. लांडग्याच्या गोष्टीने खरे बोलणे वाढले नाही. झाड तोडल्याची कबुली देऊन वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या मुलाच्या गोष्टीने वाढले, आणि त्याच गोष्टीचा शेवट वाईट केल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. यातून दोन नियम निघतात. तोंडाला चॉकलेट लागलेल्या मुलाला ‘हे कोणी खाल्लं?’ असे विचारू नये, कारण तो प्रश्न नसून सापळा असतो. आणि कबुली दिल्यावर भरपाई करायला लावली तरी, खरे बोलल्याची दखल वेगळी आणि आधी घ्यावी.

तिसरा नियम मी तिकीट खिडकीवर शिकलो. लोकलमध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मुलीला बारा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, मागे रांग होती, आणि सवयीने म्हणा किंवा पाच-दहा रुपयांच्या मोहाने म्हणा, मी ‘एक फुल, एक हाफ’ म्हणालो. फलाटावर तिने शांतपणे विचारले, ‘बाबा, मी आज अकरा आहे की बारा?’ परत जाऊन पूर्ण तिकीट काढले, त्यात एक गाडी चुकली. तपासनीस आला असता तर त्याने दंड घेऊन सोडले असते. तिने तो प्रसंग दोन वर्षे सोडलेला नाही. फोनवर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’, बॅगेत ऑफिसातले पेन, गृहपाठाचा प्रकल्प आईनेच रात्री केलेला, हेही मुले पाहत असतात. असे काही हातून झालेच तर मुलासमोर मोडतोड न करता कबूल करावे आणि जमेल तेवढी दुरुस्ती त्याच्या देखत करावी.

सहावी पायरी: किशोरवयात रकाने पुन्हा आखा

ज्युडिथ स्मेटाना यांच्या अभ्यासांतून दिसते की किशोरवयीन मुले आणि पालक यांच्यातली बहुतेक भांडणे चोरी किंवा हिंसेवरून नसतात. ती खोली आवरणे, कपडे, वेळ अशा रोजच्या गोष्टींवरून असतात, आणि तीच गोष्ट पालक संकेताच्या रकान्यात ठेवतो तेव्हा मूल ती ‘माझी मी’ या रकान्यात ठेवते. चोरी आणि मारहाण चूक, हे दोघांनाही मान्य असते. मग पहिल्या पायरीची यादी आता मुलाबरोबर बसून पुन्हा करावी आणि चौथा रकाना जोडावा: सुरक्षितता. केस, पोस्टर आणि कानातले त्याच्याकडे सोपवावेत. रात्री अकरानंतरची लोकल, दारात लटकणे, दुचाकी हे सुरक्षिततेत ठेवावे आणि तिथे आवाज न चढवता ठाम राहावे. वन-रूम-किचनमध्ये ‘त्याची खोली’ नसतेच, तेव्हा निदान एक कपाट किंवा पलंगाखालची पेटी न विचारता न उघडण्याचा शब्द द्यावा आणि पाळावा.

मित्रांसमोर चांगले ज्ञान कुठे जाते, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ एकट्याने आणि मित्रांबरोबर खेळवला, तेव्हा मित्र सोबत असताना जोखीम घेणे वाढले, आणि ती वाढ प्रौढांपेक्षा किशोरवयीनांत जास्त होती. धोका कळत नसतो असे नाही. कळलेले त्या क्षणी मागे पडते. त्यामुळे प्रवचनाऐवजी आधीच ठरवलेले वाक्य उपयोगी पडते. ‘चालत्या गाडीत चढू या’ म्हटल्यावर काय म्हणायचे, ते घरी हसत-खेळत ठरवावे. ‘बाबा ट्रॅकिंग बघतात रे’ असा आपल्यावर ढकललेला बहाणा मला तरी चालतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचा फोटो फिरू लागला, तर पुढे पाठवायचा नाही, ज्याचा आहे त्याला एकट्याला विचारायचे आणि एका मोठ्या माणसाला सांगायचे, हा क्रमही ठरलेला असावा. अठरा वर्षांखालील मुलामुलीचे अश्लील चित्र पुढे पाठवणे पोक्सो (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा) आणि माहिती तंत्रज्ञान या कायद्यांखाली गुन्हा आहे, आणि अडचणीतल्या मुलासाठी १०९८ ही बाल मदतवाहिनी आहे, हे मुलाला माहीत असावे.

सातवी पायरी: मावशींचा वेगळा कप

मुंबईतल्या कित्येक घरांत घरकाम करणाऱ्या बाईंना मुले ‘मावशी’ म्हणतात, आणि त्याच मावशींचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असतो. काही इमारतींत त्यांच्यासाठी उद्वाहनही वेगळे असते. समाजाविषयीचे मत मूल या कपावरून बनवते, आपल्या भाषणावरून फारसे नाही.

सात देशांत झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला न्याय्य वाटपाचा एक अभ्यास येथे आठवावा. आपल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळत असेल तर ती वाटणी नाकारण्याची वृत्ती, कमी-अधिक वयात, सातही देशांतल्या मुलांत दिसली; आपल्याला जास्त मिळत असताना नाकारण्याची वृत्ती मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीनच देशांत मोठ्या मुलांत दिसली. भारत सातांत होता, त्या तिघांत नव्हता. दुसरीकडे, जोन मिलर आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या अभ्यासात म्हैसूरच्या लोकांनी, अनोळखी माणसाची किरकोळ गरज असली तरी मदत करणे हे कर्तव्य मानले, आणि अमेरिकी लोकांनी अशा वेळी ती मर्जीची बाब ठरवली. म्हणजे मदत आपल्याकडे सहज येते, स्वतःकडे आलेले जास्तीचे दिसणे तेवढे सहज येत नाही. म्हणून प्रश्न मुद्दाम विचारावा: सोसायटीच्या गणपतीत प्रसादाची ताटे लावताना सुरक्षारक्षकाचे कितवे? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसाला आपण सरकून जागा दिली की पाय पसरले? मुलाला उत्तर सांगू नये, ताट वाटायला द्यावे. आणि कप आजच एका रांगेत लावावेत. त्यासाठी मुलाचे वय वाढण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरच्या उपायांनी भागत नसेल तेव्हा

प्राण्यांना किंवा लहान मुलांना वारंवार इजा करणे, महिनोन्‌महिने चालणारी चोरी, घरातून पळून जाणे, किंवा पूर्वी मनमिळाऊ असलेले मूल अचानक क्रूर किंवा एकदम गप्प होणे, या गोष्टी संस्कारांच्या खात्यात टाकू नयेत. त्यामागे अभ्यासातली अक्षमता, नैराश्य, शाळेतला छळ किंवा मुलावर झालेला अत्याचार असू शकतो. शाळेत समुपदेशक असेल तर आधी तिथे बोलावे. महापालिकेच्या केईएम, नायर आणि सायन या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जाताना पहिल्या पायरीची यादी सोबत न्यावी. केव्हा, कोणाबरोबर आणि किती वेळा घडले, हे डॉक्टर विचारतातच.